रेसकारचे ब्रेक साधे करताना: काढलेल्या पार्टचं काम कोण करणार?

बोरघाटात खोपोलीच्या बाजूला उतरताना किंवा कुंभार्लीतून चिपळूणला जाताना पुढच्या लोडेड ट्रकच्या चाकांतून येणारा तो जळका वास तुम्ही घेतला असेल, तर रेसकारच्या ब्रेकची निम्मी गोष्ट तुम्हाला आधीच माहितीये. लायनर तापला, ब्रेक धरेनासा झाला. ट्रकला तिथवर पोचायला अर्धा घाट लागतो, ट्रॅकवरच्या गाडीला दोन-तीन लॅप पुरतात.

कॉलेजात फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थी स्वतः रेसकार बनवून उतरतात ती स्पर्धा) टीममध्ये ब्रेकचं काम माझ्याकडे होतं, आणि आता पुण्यात ओळखीतली पोरं जुनी हॅचबॅक घेऊन ट्रॅकसाठी तयार करायला बसतात तेव्हा ब्रेकपाशी आली की फोन येतो. प्रश्न तेच असतात. "दादा, बूस्टर काढू का? एबीएस उडवू का? चार पिस्टनचे मोठे कॅलिपर मिळतायत, टाकू का?" (बूस्टर म्हणजे पायाचा जोर वाढवणारा डबा, एबीएस म्हणजे ब्रेक मारताना चाक अडकून घसरू न देणारी यंत्रणा, कॅलिपर म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दोन्हीकडून पॅड दाबणारा चिमटा, आणि ते पॅड दाबतो तो पिस्टन.) म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू, कारण फोनवर सांगितलं की अर्धं ऐकलं जातं आणि ब्रेकच्या बाबतीत अर्धं ऐकणं परवडत नाही.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. कंपनीने गाडीत घातलेला ब्रेकचा प्रत्येक पार्ट कुठलं तरी काम करत असतो. तुम्ही तो पार्ट काढला म्हणून ते काम संपत नाही, ते दुसऱ्या कुणाला तरी करावं लागतं, एक तर पेडलच्या मापांना, नाहीतर सिलेंडरच्या साइजला, नाहीतर ड्रायव्हरच्या पायाला. कुणाकडे जाणार हे तुम्ही ठरवलं असेल तर ब्रेक साधे झाले म्हणायचं, ठरवलं नसेल तर फक्त पार्ट कमी झाले.

आधी गरमीचं बघू, कारण ट्रॅकवर ब्रेक जातात ते बहुतेक वेळा गरमीनेच. समजा गाडी ड्रायव्हरसकट ९०० किलोची आहे आणि सरळ पट्ट्याच्या शेवटी ताशी १६० किमीवरून ६०वर आणायचीये. एवढ्यात जी ऊर्जा संपवावी लागते ती साधारण ७६० किलोज्यूल होते. म्हणजे माठातलं २५ डिग्रीचं जवळजवळ अडीच लिटर पाणी उकळीला येईल एवढी उष्णता, आणि ती कुठे जाते तर मुख्यतः पुढच्या दोन डिस्कमध्ये, आणि ती पण तीन सेकंदांच्या आत. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर त्या तीन सेकंदांत ब्रेक साधारण ३६० हॉर्सपॉवरने काम करत असतात. १०० हॉर्सपॉवरच्या गाडीत ब्रेकची ताकद इंजिनाच्या साडेतीन पट, आणि हे एका वळणाचं झालं, लॅपमध्ये अशी पाच-सहा वळणं असतात आणि पुढचं वळण येईपर्यंत डिस्क काही गार होत नाही.

आता यावरून लगेच कुणी म्हणेल की मग मोठे ब्रेकच हवेत. थांबा जरा. ब्रेक चाक थांबवतात, गाडी थांबवतो टायर. तुमचे आत्ताचे ब्रेक जर वेगात असताना चारी चाकं लॉक करू शकत असतील (म्हणजे फिरायची थांबवून घसरवू शकत असतील) तर त्यांची पकडायची ताकद पुरेशी आहे, डिस्क दुप्पट केली तरी पहिल्या ब्रेकिंगला गाडी एक फूटही आधी थांबणार नाही. मोठ्या डिस्कचा खरा फायदा पहिल्या लॅपला दिसत नाही, तो आठव्या-दहाव्या लॅपला दिसतो, कारण मोठी डिस्क म्हणजे जास्त बीड (कास्ट आयर्न) आणि जास्त बीड म्हणजे तेवढीच उष्णता पोटात घेऊन कमी तापणं. १९५३ साली ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत जॅग्वार सी-टाइप डनलॉपचे डिस्क ब्रेक लावून जिंकली त्यामागे हेच होतं. बाकीच्या गाड्यांचे ड्रम तापून ढिले पडायचे, जॅग्वारचे ड्रायव्हर तासन् तास तेवढ्याच भरवशाने उशिरा ब्रेक मारू शकत होते.

म्हणून अपग्रेडची सुरुवात सगळ्यात स्वस्त गोष्टीपासून करा, ब्रेक ऑइलपासून. आपण ऑइल म्हणतो खरं पण ते तेल नाहीये, बहुतेक ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचं असतं आणि हवेतली ओल पीत राहतं. कोकणात किंवा मुंबईत चार महिने जी दमट हवा असते त्यात तर विचारूच नका. डॉट ४ (ही ब्रेक ऑइलची प्रत) चा नवीन असताना उकळबिंदू किमान २३० डिग्री हवा असा नियम आहे, आणि त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तो १५५वर आलेला चालतो. डॉट ३ चं हेच २०५ आणि १४०. रेसिंगसाठी जे ऑइल मिळतं ते नवीन असताना ३०० डिग्रीच्या वर जातं. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात, ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणजे तुम्ही पेडल मारता आणि पाय सरळ खाली फ्लोअरला जाऊन टेकतो. गाडी पिटमध्ये आणून गार केली की पेडल परत ठीक वाटतं आणि पोरं म्हणतात काही नव्हतं, उगाच घाबरलो. उगाच नव्हतं. ते ऑइल आता बदलायचंच. (आणि कुणी ब्रेकच्या डब्यात चुकून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतलं असेल तर सगळे रबरी सील फुगतात, मग नुसतं ऑइल बदलून भागत नाही, सील पण सगळे बदलावे लागतात.)

पॅडचं वेगळं. पॅड त्याच्या सहनशक्तीच्या पलीकडे तापला की त्याची पकड जाते, पण तेव्हा पेडल मात्र कडकच राहतं. हा फरक ओळखायला शिका, फार उपयोगी पडतो. पेडल खाली गेलं आणि ब्रेक नाही, तर आधी ऑइलवर संशय घ्या. पेडल घट्ट आहे, तुम्ही जीव खाऊन दाबताय आणि गाडी थांबत नाही, तर पॅड. रस्त्यावरच्या पॅडला ट्रॅकवर पाठवू नका आणि ट्रॅकच्या पॅडने रोज ऑफिसला जाऊ नका, कारण रेसिंग पॅड गार असताना नीट धरत नाही, सकाळच्या पहिल्या सिग्नलला तुम्हाला ते कळेल.

नवीन पॅड बसवले की ते डिस्कवर बसवून घ्यावे लागतात, म्हणजे हळूहळू वेग आणि जोर वाढवत पाच-दहा ब्रेक मारायचे, मधे पूर्ण थांबायचं नाही, मग ब्रेकला हात न लावता एक-दोन लॅप गार होऊ द्यायचं. यात पॅडचा एक पातळ थर डिस्कवर सगळीकडे सारखा चढतो. तो सारखा चढला नाही की ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं, आणि गॅरेजवाला म्हणतो डिस्क वाकडी झाली. बऱ्याचदा डिस्क सरळच असते, थर कमीजास्त चढलेला असतो.

डिस्कचं म्हणाल तर भोकं पाडलेल्या डिस्कच्या नादी लागू नका. दिसतात छान, पण सारखं तापणं-गार होणं सुरू झालं की भोकाच्या कडेपासून तडे जायला लागतात. साधी किंवा चिरा पाडलेली व्हेंटेड डिस्क घ्या. ती साध्या ग्रे कास्ट आयर्नची, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या फाउंड्र्यांमध्ये रोज ओतलं जातं त्याच जातीच्या बीडाची असते आणि तेच चांगलं आहे, बीड उष्णता छान घेतं आणि पॅडशी त्याचं जमतं. तिला हवा द्यायची असेल तर बंपरमधून पाइप आणून डिस्कच्या बाहेरच्या तोंडावर सोडू नका, मधल्या भागात, हबपाशी सोडा. व्हेंटेड डिस्क फिरताना पंख्यासारखी आतून हवा ओढते आणि बाहेरच्या कडेने फेकते, त्यामुळे हवा मधे मिळाली तर ती दोन्ही बाजूंनी सारखी गार होते, एकाच तोंडावर मारली तर एक बाजू गार एक बाजू गरम आणि मग खरंच वाकते.

इतकं करून सुद्धा डिस्क फार तापत असेल तर मग मोठी डिस्क. आता येऊ साधं करण्याकडे, ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो.

रस्त्यावरच्या गाडीत पायापासून चाकापर्यंत काय काय असतं बघा. पेडल, त्याच्या मागे व्हॅक्यूम बूस्टर, बूस्टरला चिकटलेला मास्टर सिलेंडर (पेडलच्या जोराने ऑइल दाबणारा), मग एबीएसचा डबा, काही गाड्यांत मागच्या चाकांचा दाब कमी करणारा व्हॉल्व, आणि मग कॅलिपर. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत पाइप तिरपे जोडलेले असतात, पुढचं डावं आणि मागचं उजवं एका सर्किटला, पुढचं उजवं आणि मागचं डावं दुसऱ्याला, म्हणजे एक सर्किट फुटलं तरी एक पुढचं चाक धरून राहतं.

बूस्टर पायाचा जोर साधारण ३ ते ५ पट करतो. त्यासाठी त्याला इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणारा पाइप) व्हॅक्यूम लागतं, आणि इथेच रेसकारची अडचण होते, कारण मोठा कॅम (इंजिनाचे व्हॉल्व उघडणारा दांडा) टाकला की व्हॅक्यूम कमी होतं आणि प्रत्येक सिलेंडरला वेगळी थ्रॉटल बॉडी (हवेची झडप) टाकली तर धड व्हॅक्यूम मिळतच नाही. शिवाय बूस्टरमुळे पायाला खालचं नीट कळत नाही, चाक लॉक व्हायला आलंय का हे पेडलमधून जाणवलं पाहिजे ते मधेच कुठेतरी हरवतं. म्हणून तो काढतात. पण नुसता काढला आणि बाकी तसंच ठेवलं तर जिथे १२-१५ किलोच्या जोरात काम व्हायचं तिथे ५०-६० किलो लागायला लागतात. दोन लॅप होईल, वीस लॅप नाही होणार. तर बूस्टरचं काम आता कोण करणार? पेडल आणि सिलेंडरचा बोअर (आतला व्यास).

पेडल म्हणजे साधी पहार आहे. बूस्टरवाल्या गाडीत पेडलचं गुणोत्तर (पायाचा जोर किती पट होतो ते) साधारण ४ असतं, बिगरबूस्टरला ५ ते ६ ठेवतात. आपण साडेपाच धरू. पायाचा जोर ४० किलो, म्हणजे पेडलच्या मागे २२० किलो.

रेसकारमध्ये या २२० किलोच्या पुढे एका सिलेंडरऐवजी दोन सिलेंडर शेजारी शेजारी लावतात, एक पुढच्या चाकांना आणि एक मागच्या, आणि मधे एक आडवा दांडा असतो, त्याला बॅलन्स बार म्हणतात. इथे बहुतेकांचा घोळ होतो. कंपनीच्या टँडम सिलेंडरमध्ये दोन पिस्टन एकामागे एक असतात, त्यामुळे पूर्ण जोर दोन्ही सर्किटला मिळतो. शेजारी शेजारी लावले की जोर वाटला जातो, पालखीला दोन खांदे लागतात तसं. बार मधोमध असेल तर प्रत्येकाला ११० किलो. म्हणजे तुम्ही जुन्याच बोअरचे दोन सिलेंडर आणून लावले तर दाब निम्म्यावर आला. पेडल दगडासारखं घट्ट होतं, पोरं खूष होतात की काय कडक ब्रेक झालेत, आणि गाडी थांबत नाही. घट्ट पेडल म्हणजे चांगला ब्रेक हा गैरसमज डोक्यातून काढाच. मोठ्या बोअरचा सिलेंडर पेडल घट्ट करतो आणि दाब कमी देतो, लहान बोअरचा पेडल थोडं लांब करतो आणि दाब जास्त देतो. बस एवढंच आहे, पण हे एकदा समजलं की निम्मं काम झालं.

आता आकडे घालून बघू, वर्कशॉपच्या भाषेत सुतात सांगतो म्हणजे लक्षात राहील, आठ सूत म्हणजे एक इंच. पाच सुती सिलेंडरचं तोंड १.९८ चौरस सेंटिमीटर, ११० किलो त्यावर टाकले की दाब झाला चौरस सेंटिमीटरला साधारण ५५.६ किलो. सहा सुती म्हणजे पाऊण इंच, तिथे ३८.६ किलो. साडेसहा सुतीला ३३. पुढे एका पिस्टनचा ५४ मिमीचा कॅलिपर, मागे ३४ मिमीचा, पॅडची पकड (घर्षणगुणांक) ०.४५, डिस्कच्या मधापासून पॅडचं अंतर १० सेंमी आणि टायरची त्रिज्या २८ सेंमी धरली तर पाच सुती सिलेंडर पुढच्या दोन चाकांना मिळून साधारण ८१८ किलोचा ब्रेक देतो. मागे सहा सुती टाकला तर २२५ किलो, साडेसहा सुती टाकला तर १९२.

मग कुठला घ्यायचा? त्यासाठी गाडीचं वजन ब्रेक मारल्यावर कसं सरकतं ते बघावं लागेल, एसटीत उभं असताना ड्रायव्हरने ब्रेक मारला की सगळा लोंढा पुढे येतो तसंच. आपल्या ९०० किलोच्या गाडीचं उभ्या जागी वजन पुढे ५४० आणि मागे ३६० आहे असं धरा, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) २.४ मीटर, गुरुत्वमध्य अर्ध्या मीटरवर. चांगल्या टायरवर, कोरड्या ट्रॅकवर एक जी ने (म्हणजे गाडीच्या वजनाएवढ्या जोराने) ब्रेक मारला की जवळजवळ १८७ किलो मागून पुढे जातात. पुढे होतात ७२७, मागे उरतात १७२ की १७३. म्हणजे पुढच्या चाकांनी ८१ टक्के काम करायचं आणि मागच्यांनी १९.

आता वरचे आकडे परत बघा. मागे साडेसहा सुती टाकला तर वाटणी बरोबर ८१ आणि १९ येते, पुढची-मागची चाकं एकाच वेळी, पायाच्या ३६ किलोच्या आसपास लॉक व्हायला येतात. सहा सुती टाकला तर मागची चाकं ३२-३३ किलोलाच लॉक होतात, पुढची अजून फिरतायत. मागची चाकं आधी लॉक झाली की गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो आणि गाडी स्वतःभोवती फिरते, वळणाच्या तोंडाशी, जिथे सावरायला जागा नसते. अर्ध्या सुताचा फरक. म्हणून मी प्रत्येकाला म्हणतो, कॅटलॉग उघडायच्या आधी वही उघडा.

पाऊस पडला की हे सगळं हलतं. ओल्या ट्रॅकवर टायर ०.६ जी च्या वर धरणार नाही, वजन कमी सरकतं, पुढे ६५२ आणि मागे २४८ उरतात, म्हणजे वाटणी ७२ आणि २८ हवी. तुमची ८१ आणि १९ तशीच राहिली तर पायाच्या १९ किलोलाच पुढची चाकं लॉक होणार, स्टिअरिंग वळवा नाहीतर नका वळवू गाडी सरळच जाणार, आणि मागची चाकं नुसती बघत बसणार. इथे बॅलन्स बार कामाला येतो. बारच्या मधलं बेअरिंग ज्या सिलेंडरच्या जवळ सरकवाल त्याला जास्त जोर. डॅशबोर्डवर एक गोल बटण असतं, त्याला केबल, ड्रायव्हर बसल्या जागी फिरवून वाटणी मागे-पुढे करतो. कंपनीच्या गाडीत मागचा दाब कमी करणारा व्हॉल्व आणि एबीएस मिळून हेच काम आपोआप करायचे. ते आता ड्रायव्हरच्या हाताकडे आणि पायाकडे आलं.

बार बसवताना एक नीट बघा, पेडल मोकळं असताना तो सरळ दिसला की लोक समाधान मानतात, पण तो काटकोनात यायला हवा पेडल जोरात दाबलेलं असताना. आणि एक सर्किट फुटलं असं समजून, त्या बाजूचं निपल (कॅलिपरवरचा हवा काढायचा स्क्रू) उघडं ठेवून पेडल दाबून बघा, बार तिरका होऊन दुसऱ्या सिलेंडरला दाब मिळतोय ना? का पेडल आधीच फ्लोअरला टेकतंय? दोन सिलेंडर लावायचं एक मोठं कारणच ते आहे. एफआयएच्या (मोटरस्पोर्टची जागतिक संघटना) सुरक्षेच्या नियमांत पण हेच आहे, एकाच पेडलने चालणारी दोन सर्किट, आणि कुठेही गळती झाली तरी पेडलने निदान दोन चाकं थांबली पाहिजेत. फॉर्म्युला स्टुडंटच्या नियमात तर पेडल २००० न्यूटन जोर सहन करेल असं बनवावं लागतं, म्हणजे पायाचे २०० किलो. घाबरलेला माणूस किती जोरात पाय मारतो याचा अंदाज करून ठेवलेला आकडा आहे तो, घरच्या गाडीला पण तोच धरा, पेडलबॉक्स ज्या पत्र्यावर बसतो तो पत्रा सुद्धा वाकता कामा नये.

तिरपं सर्किट बॅलन्स बारला चालत नाही, कारण बारला पुढचं आणि मागचं वेगळं लागतं. म्हणजे पाइप सगळे नव्याने टाकायचे. हे कंटाळवाणं काम आहे पण यातच गाडी खरी साधी होते, एबीएसचा डबा गेला, जुने जोड गेले, पुढे एक टी (एका पाइपचे दोन करणारा जोड), मागे एक टी, आणि प्रत्येक पाइप बोट ठेवून चाकापर्यंत दाखवता येतो. पाइप तांबं-निकेलचा घ्या, वाकवायला सोपा आणि गंजत नाही. नुसतं तांबं नको, थरथरीने ते कडक होत जातं आणि तडकतं. पाइपच्या तोंडाचे फ्लेअर (फाकवलेलं टोक) दोन-तीन जातींचे येतात, एकाचा नट दुसऱ्यात जातोय असं वाटतं, आवळला जातो पण, आणि आठवड्याने गळायला लागतो. सगळीकडे एकच जात ठेवा. चाकांपाशी रबरी होजऐवजी वरून स्टीलची जाळी असलेला होज टाका, रबर गरम झालं की प्रत्येक ब्रेकला थोडं फुगतं, तो फुगवटा पायाला मऊ लागतो. हा होज थोडा लांब ठेवा आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून, सस्पेन्शन वर-खाली करून बघा कुठे घासतोय का, कारण ही जाळी टायरला सुद्धा कापते आणि स्वतःही कापली जाते.

पेडलबॉक्स फ्लोअरवर असेल आणि सिलेंडर कॅलिपरपेक्षा खाली आले तर पॅड थोडे जास्तच मागे जातात आणि पहिलं पेडल रिकामं जातं. त्याला लाइनमध्ये २ पीएसआयचा छोटा व्हॉल्व टाकतात. बाकी ठिकाणी नको.

मोठ्या कॅलिपरबद्दल एवढं सांगतो. चार पिस्टनच्या फिक्स कॅलिपरचा हिशोब करताना एकाच बाजूच्या दोन पिस्टनचं तोंड धरायचं, चारी धरलं की आकडा दुप्पट येतो आणि पुढचं सगळं चुकतं. आणि फक्त पुढे मोठं कॅलिपर टाकलं की वाटणी पुढे सरकते, ऑइल जास्त लागतं, पेडल लांब होतं. म्हणजे मग सिलेंडर बदला, मग परत वाटणी बघा. मागे ड्रम असेल आणि गाडी पुढच्या चाकांवर चालणारी हलकी असेल तर मी म्हणेन ड्रम राहू दे, १९ टक्क्यांसाठी तो पुरतो. फक्त ड्रम फिरताना स्वतःलाच आणखी ओढून घेतो त्यामुळे वरचा हिशोब त्याला लागू होत नाही, ट्रॅकवर बघून बार लावावा लागतो.

एबीएस काढावं का यावर माझं मत थोडं वेगळं आहे. जीटी३ च्या गाड्या, म्हणजे जगातल्या चांगल्यातल्या चांगल्या रेसकार, एबीएस लावून पळतात. १९९३ साली फॉर्म्युला वनमध्ये विल्यम्सच्या गाडीला एबीएस होतं, १९९४ पासून बंदी आली, आणि ती ड्रायव्हरच्या हातातली कला टिकावी म्हणून आली, एबीएस हळू होतं म्हणून नाही. तर गाडी तशीच ठेवून वर्षातून दोन ट्रॅक डे करणार असाल तर एबीएसला हात लावू नका, चांगलं ऑइल आणि पॅड टाका आणि चालवा. बूस्टर, सिलेंडर, टायर सगळं बदलणार असाल तेव्हाच ते काढायचा विचार करा, कारण त्याचा प्रोग्राम जुन्या गाडीसाठी लिहिलेला असतो. आणि अशी गाडी मग ट्रेलरवरूनच ट्रॅकला न्यायची. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल करून ती रस्त्यावर चालवता येत नाही, आणि कायदा बाजूला ठेवला तरी गार रेसिंग पॅड आणि बिगर एबीएसची गाडी सिंहगड रोडच्या गर्दीत नेणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवाशी खेळ आहे. रेसमध्ये उतरणार असाल तर ज्या क्लासमध्ये उतरणार त्याचे एफएमएससीआयचे (भारतातली मोटरस्पोर्टची संघटना) नियम आधी वाचा, काही क्लासमध्ये पॅड सोडून कशालाच हात लावता येत नाही.

शेवटी एअर काढणं, म्हणजे पाइपमध्ये अडकलेली हवा बाहेर काढणं. आमच्या टीमची गाडी जानेवारीत कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर फॉर्म्युला भारतला (विद्यार्थ्यांच्या रेसकारची भारतातली स्पर्धा) न्यायची होती, चारी चाकं लॉक होऊन दाखवल्याशिवाय तिथे ट्रॅकवर सोडत नाहीत, आणि निघायच्या दोन दिवस आधी पेडल काही केल्या घट्ट होईना. रात्री साडेअकरापासून पहाटे चारपर्यंत आम्ही एअर काढत होतो, दोन लिटर ऑइल गेलं. मग एका ज्युनियरने टॉर्च मारून विचारलं, निपल खाली का आहे? पुढचे कॅलिपर डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे बसलं होतं. हवा वर जाते, निपल खाली, मग ती निघणार कुठून. अदलाबदल केली आणि वीस मिनिटांत पेडल आलं. तेव्हापासून मी कुठल्याही गाडीपाशी गेलो की पहिल्यांदा निपल बघतो.

बॅलन्स बार असेल तर आणखी एक, पुढचं एक आणि मागचं एक निपल एकदमच उघडा, दोन माणसं खाली आणि एक पेडलवर. एकच बाजू उघडली तर बार तिरका होतो, सिलेंडरचा पूर्ण स्ट्रोक मिळत नाही आणि थोडी हवा आत राहून जाते.

मग गाडी खाली घ्या, इंजिन बंद, पेडल पूर्ण ताकदीने दाबून मिनिटभर धरा आणि दुसऱ्याला प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू फिरवायला सांगा, ओल दिसली की तो जोड परत. बार सुरुवातीला जरा पुढे ठेवा, म्हणजे चूक झालीच तर पुढची चाकं आधी लॉक होतील. मोकळ्या जागेत ताशी ३०, मग ५०, मग ८०, बाहेर कुणीतरी उभं राहून मोबाइलवर स्लो मोशन काढू दे, कुठलं चाक आधी थांबतंय ते त्यात स्वच्छ दिसतं. मग बटणाचा एक-एक फेरा देत बार मागे घेत या, मागचं चाक आधी लॉक व्हायला लागलं की दोन फेरे परत पुढे, आणि तिथे पेंटने खूण करून ठेवा. सेशन संपवून पिटमध्ये आलात की हँडब्रेक ओढू नका, ब्रेकवर पाय ठेवून उभे पण राहू नका, तापलेल्या डिस्कला पॅड एकाच जागी चिकटून राहतो. गिअरमध्ये टाका आणि चाकाला दगडाची किंवा लाकडाची ओट लावा.